वरातीची गाडी

बावड्याच्या यशराजनं अख्ख्या इंदापूर तालुक्यात नसेल अशी वेगवान परदेशी गाडी घेतली. तेव्हापासून गावात कुणाचंही लग्न असलं की नवरदेवासाठी तीच सजते, आणि यशराज ती डीजेच्या मागं माणसाच्या चालीनं हाकतो. आज मागच्या सीटवर त्याचा धाकटा चुलतभाऊ बाशिंग बांधून बसला होता.

तेवढ्यात गाडीच्या कंपनीतून फोन आला. यशराजनं काचा वर केल्या.

"सर, अशी जास्त वेगाची मॉडेल्स आम्ही आणखी काढावीत का? तुमचं मत हवं होतं."

"कशाला, मॅडम? हिचाच वेग अजून मी बघितला न्हाय."

"मग सर, तुम्ही घेतलीत कशासाठी?"

यशराजनं आरशातून मागं बघितलं.



"म्हणलं, ही दारात बघून तरी कुणी माझ्यासारख्या शेतकऱ्याला पोरगी देईल."