बर्फाच्या पेटीतलं हृदय

मदुराईहून चेन्नईला निघालेल्या सकाळच्या पहिल्या विमानात, पुढच्या सीटखाली, बर्फाच्या पेटीत एक हृदय होतं. मागच्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नव्हता. चेन्नईच्या इस्पितळात एकोणीस वर्षांची श्रीनिधी त्याच हृदयाची वाट बघत ऑपरेशन टेबलावर निजली होती. बाहेर तिचे वडील अनंतराव घड्याळाकडे बघत उभे होते. काढलेलं हृदय जेमतेम चार तास टिकतं, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

डॉक्टर बाहेर आले. "सार, विमान तासभर वर घिरट्या घालत होतं. खाली इतका धूर, की धावपट्टीच दिसेना. शेवटी बंगळुरूला वळवलं."

"मग तिथून आणता येईल ना?"

"वेळेत नाही पोचणार."

"दुसरं मिळेपर्यंत थांबू."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेवढे दिवस तिच्याकडे नाहीत."

अनंतरावांनी चेन्नईतल्या घरी बायकोला फोन लावला. त्यांना शब्द फुटायच्या आधीच रत्नप्रभाबाई बोलू लागल्या.

"अहो, निघतेच आता. आज भोगी ना, पहाटे सगळ्या गल्लीनं जुनं सामान पेटवलं. मीही निधीची आजारपणातली चटई, उशी, सगळं त्यात टाकलं. केवढा धूर झाला म्हणून सांगू! पोरीची पीडा गेली समजा."