कंडक्टरचं प्रात्यक्षिक

"आज नापास झालात तर माझ्या हातात काही नाही," मॅडम म्हणाल्या. "वरून स्पष्ट सांगितलंय. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नाव कमी."

कंडक्टरने मान डोलावली. पहाटेची ड्युटी संपवून तो थेट आला होता. अंगावर गणवेश तसाच होता आणि डोळे चुरचुरत होते. चाळिशी उलटल्यावर समाजकार्याच्या पदविकेचं हे खूळ कशाला, असं त्याची बायको सुरुवातीला विचारायची. आताशा तिनेही हात टेकले होते.

मॅडमनी मात्र टेकले नव्हते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची अर्धवेळ तुकडी गळ्यात पडल्याला बरीच वर्षं झाली होती. कुणाची पाळी बदलली की यांनी तास बदलायचा, कुणाचं मूल आजारी पडलं की यांनी टिपणं काढून ठेवायची. त्याबद्दल कधी कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि आता दिली असती तरी ती ऐकायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. पण कंडक्टर पास व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस भला होता. फक्त समोर कुणी दुःख घेऊन बसलं की हा तिकीट तपासल्यासारखा सुरू व्हायचा. नाव काय, राहता कुठे, घरात माणसं किती. मागच्या दोन्ही वेळा तो त्यापायीच घसरला होता.

"लक्षात आहे ना? नाव-पत्ता काढत बसायचं नाही."

"आहे, मॅडम. गप्प बसायचं."

"गप्प नाही हो. ऐकायचं."

"बायको म्हणते, मला दोन्ही जमत नाही."

मॅडम हसल्या. हसायलाही कष्टच पडले.

परीक्षेची पद्धत जुनीच होती. नाटकात काम करणाऱ्या एखादीला बोलवायचं, प्रसंग आधी कळवायचा, आणि तिने खरीखुरी गांजलेली असल्यासारखं विद्यार्थ्यासमोर बसायचं. मॅडमनी गजर लावून मागे बसायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि गजर वाजला की थांबवायचं. या वेळची नटी नवीन होती, बोलणं फोनवरच झालेलं. प्रसंग होता, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करून करून थकलेली सून.

मॅडमनी दार उघडलं. सुट्टीमुळे इमारत ओस पडली होती, खालच्या मजल्यावरचं, घरगुती अडचणी घेऊन येणाऱ्यांसाठीचं सल्ला केंद्रही बंद होतं. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई पिशवी छातीशी धरून बसली होती.

"आलात? या, तुमचीच वाट पाहतोय."

ती गोंधळून उठली. "इथे बोलायचं का? खाली कुणीच नव्हतं."

"इथेच. अगदी मोकळेपणाने बोला. आणि मी इथे नाहीच असं समजा."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. कंडक्टरने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि काहीच विचारलं नाही. तो खरंच ऐकायला बसला होता की दमून बसला होता, ते मॅडमना कळेना.

"आई आहे माझी," ती म्हणाली.

सासूची आई झाली. पाठांतर बेताचंच दिसतंय, मॅडम मनात म्हणाल्या. पण नियम म्हणजे नियम. त्या गप्प राहिल्या.

"दिवसरात्र हाका मारते. डोळा लागला रे लागला की हाक. परवा मी तिच्या अंगावर ओरडले. काल..."

ती थांबली. कंडक्टर हलला नाही.

"काल उशी घेतली हातात. तिच्या मानेखाली घालायला म्हणून. आणि तशीच उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही."

मॅडम पुढे सरकून ऐकू लागल्या. इतकी वर्षं नट-नट्या पाहिल्या होत्या, पण ही पोरगी आतून बोलत होती.

"जेवलात का आज?" कंडक्टरने विचारलं.

तिने जरा विचार केला. "आठवत नाही."

"आत्ता आईपाशी कोण आहे?"

"शेजारीण. थोडा वेळ बसते म्हणाली. मग मीच."

कंडक्टर पुढे झुकला. त्याचा आवाज मॅडमनी असा कधी ऐकला नव्हता. "मग आपण असं करू. आज तुम्ही एकटीने तिथे..."

मॅडमच्या टेबलावरचा गजर वाजला.

"थांबा. वेळ संपली."

"एकच मिनिट द्या, मॅडम."

"अर्धंही नाही." जास्त वेळ दिला म्हणून उद्या कुणी बोट दाखवलं, तर त्याचंच नुकसान होणार होतं.

ती बाई आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. "मग मी आता काय करू?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा. तुमचं काम झालं. फार छान केलंत."

ती उठून क्षणभर तशीच उभी राहिली. मग हळूच मान हलवून, पिशवी उचलून निघून गेली.

"मॅडम, त्या ठीक वाटत नाहीत. मागोमाग जाऊ का?"

"अहो, त्यांचं तर ते कामच आहे. रस्त्याला लागल्या की विसरतील. बसा खाली. पास झालात तुम्ही."

कंडक्टर मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मॅडमना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. इतक्या खस्ता खाल्ल्या, त्यातली एक तरी कारणी लागली होती.

"नाव-पत्ता एकदासुद्धा विचारला नाहीत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "शाबास."

जिन्यावर धावती पावलं वाजली. दारात एक अनोळखी बाई धापा टाकत उभी राहिली. चेहऱ्यावरची रंगरंगोटी घामाने ओघळली होती.

"माफ करा हं, मॅडम, बस वाटेतच बंद पडली," ती म्हणाली. "सुनेचं काम माझ्याकडे होतं. झाली का परीक्षा?"