उसनं कोकरू

एकाच कोकराला दोन मेंढ्या चाटत होत्या.

अन्नपूर्णा चूल पेटवायला निघाली होती, ती मेंढ्यांभोवतीच्या जाळीपाशीच थबकली. कोकरू नुकतंच जन्मलेलं. पाय चार दिशांना फाकत होते. काळतोंडी मेंढी त्याची पाठ चाटायची, तेवढ्यात बांडी मेंढी मधे डोकं घालून तिला सारायची आणि स्वतः चाटायला लागायची. कोकराला कशाचंच काही नव्हतं. जी जवळ येईल तिच्या पोटाखाली ते तोंड खुपसत होतं.

महाराष्ट्र झाल्यावरचा दुसरा हिवाळा. हिंमतरावांच्या वावरातली ज्वारी निघाली होती, आणि खतासाठी पुंजाजीचा कळप तिथं बसवला होता. सातपुड्याकडून बोचरं वारं येत होतं. अन्नपूर्णाचा नवरा दयाराम लोकर घेऊन खामगावच्या बाजाराला गेलेला. वावरात कळप, सासरा पुंजाजी आणि ती.

"मामाजी, हे कोकरू कोणाचं व्हय?"

पुंजाजीनं बाभळीखालूनच पाहिलं. "जिच्या मांगं जाईन तिचं."

"हे तं दोघींच्याबी मांगं जाते."

पुंजाजी हसला आणि बिडी पेटवायला वळला. अन्नपूर्णा मात्र चूल विसरून तिथंच उकिडवी बसली. काळतोंडीच्या शेपटाखाली ओलं होतं, वार अजून लोंबत होती. बांडी कोरडी ठणठणीत. आणि तिचं पोट तर दोन्ही बाजूंनी तट्ट फुगलेलं.

"मामाजी, बांडी तं अजून व्यालीच नाही!"

पुंजाजी उठून आला. त्यानं बांडीचं पोट चाचपलं, कास दाबून पाहिली. "चोट्टी! दुसरीचं चोरून राह्यली."

"काऊन पण? तिच्या पोटात हाय न तिचं."

"पोटातलं कुठं दिसते तिले? हे डोयापुढं हाय."

अन्नपूर्णाला पाचवा महिना लागला होता.

पुंजाजीनं काळतोंडी आणि कोकरू जाळीच्या आत ठेवलं, बांडीला बाहेर काढलं. कोकरू चीक प्यायला लागलं तसा काळतोंडीचा जीव भांड्यात पडला. बांडी मात्र जाळीभोवती ओरडत फिरू लागली. कळप नाल्याकडे चरायला निघाला तरी ती हलेना.

"राहू दे तिले," पुंजाजी म्हणाला. "व्याली का हाक मार मले." आणि तो कळपामागं गेला.

उन्हं वर आली तेव्हा बांडी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. अन्नपूर्णाच्या डोळ्यांदेखत कोकरू जमिनीवर आलं. बांडी उठली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. थेट जाळीशी गेली आणि आतल्या कोकराकडे पाहून पुन्हा ओरडू लागली.

अन्नपूर्णानं धावत जाऊन कोकराच्या नाकावरचा चिकटा पुसला. ते शिंकलं. ओल्या अंगावरून वारा जात होता आणि ते थडथड कापत होतं. तिनं बांडीची मान धरून तिला वळवलं, कोकरू तिच्या तोंडापाशी नेलं. बांडीनं हुंगलं, पाय आपटला आणि कोकराला अशी धडक दिली की ते ढेकळांत लोळलं.

"अवो, तुयंच हाय थे!" अन्नपूर्णा ओरडली. मग नाल्याकडे तोंड करून तिनं सासऱ्याला हाक मारली. वारा उलटा होता. पलीकडून काही आलं नाही.

मग तिला एक सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, करून पाहावंसं वाटलं.

पोट सावरत ती जाळीच्या आत गेली. काळतोंडीच्या कोकराला तिनं पदरानं चोळलं. पाठ, पोट, शेपटाखाली, सगळीकडे. काळतोंडीनं तिच्या मांडीला ढुसणी दिली, ती तिनं सोसली. बाहेर येऊन नव्या कोकराला मांडीवर घेतलं आणि त्याच पदरात गुंडाळून चोळत बसली. बांडीकडे तिनं पाहिलं नाही. फक्त वाट पाहिली.

बऱ्याच वेळानं ओरडणं थांबलं. मानेशी गरम श्वास आला. बांडीनं पदर हुंगला, कोकरू हुंगलं, पुन्हा पदर हुंगला. बाजूला झाली. परत आली. आणि मग तिची जीभ कोकराच्या कपाळावर फिरली. तोंड मिटलेलं आणि गळ्यातून एक बारीक घुरघुर. असा आवाज तिनं सकाळपासून एकदाही काढला नव्हता.

पुंजाजी परतला तेव्हा कोकरू बांडीच्या कासेला लागलं होतं, शेपूट हलवत होतं. अन्नपूर्णा मातीत तशीच बसलेली, पदराचा पार चिखल झालेला.

"हे कोणं शिकवलं तुले?"

"कोणीच नाही. घेते का नाही, पाहून राह्यली होती."

"अन् नसतं घेतलं तं?"

कोकराच्या अंगावरचे केस सुकून कुरळे व्हायला लागले होते.

"मामाजी," तिनं हळूच विचारलं, "हे आपलंच व्हय, हे समजलं असन का हिले? का अजूनबी थे पयलंच समजून चाटून राह्यली?"

पुंजाजीनं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "मले काय विचारतं? तिलेच विचार."

अन्नपूर्णानं खरंच पुढं वाकून बांडीच्या तोंडाशी कान नेला. घुरघुर चालूच होती. बांडीनं एकदा कोकराला चाटलं, आणि मग त्याच जिभेनं तिच्या कानाला.