डाव्या खांद्यावरची गाठ

गालावर गोंदवून घ्यायला तरुण टिपेने चटईवर उताणा पडला होता. गोंदणाऱ्या हारेने शाई कालवली आणि भिंतीवर डकवलेल्या चित्राकडे मान वळवली.

चित्र खापरपणजोबांचं. न्यूझीलंडला आलेल्या जहाजावरच्या चिताऱ्याने काढलेलं, मग लंडनात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. डाव्या गालावर गोंदणाची दाट वळणं. उजवा गाल कोरा.

"डावा गाल बापाचा, उजवा आईचा," वाइमारिए आत्या म्हणाली. "यांचा बाप सरदार, आई लढाईत धरून आणलेली. तिच्या बाजूचं काय गोंदणार? हारे, याचाही डावाच घे."

मग तिने टिपेनेच्या बहिणीकडे, मेरेआनाकडे वळून तिच्या कडेवरच्या लेकीकडे, हुइयाकडे पाहिलं. "हिचा डावाच कोरा राहणार."

हुइयाचा बाप कधी आलाच नव्हता. सात महिन्यांत आत्याने पोरीला एकदाही घेतलं नव्हतं.

टिपेनेच्या गालाकडे मेरेआनाला बघवेना, म्हणून ती चित्राकडेच बघत राहिली. गाल, हनुवटी, अंगावरची घोंगडी, घोंगडीची गाठ.

हारेने सुई उचलली.

"थांब!" मेरेआना ओरडली. हुइया दचकून रडायला लागली. "आत्या, आपले पुरुष घोंगडी कुठल्या खांद्यावर बांधतात?"

"उजव्या. उघडी बाजू तिकडे येते, उजवा हात मोकळा राहतो. एवढं शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

"मग यांची गाठ डाव्या खांद्यावर कशी?"

मेरेआनाने चित्रातल्या गाठीवर बोट ठेवलं.

"चिताऱ्याने बरोबरच काढलं असणार. पण पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं, की कागदावर उलटं उमटतं."

"लवकर ठरवा," टिपेने पडल्या पडल्या म्हणाला. "तोंड माझं आहे, कुंपण नाही."

आत्याने चित्र भिंतीवरून काढलं. खिडकीशी गेली, कागद उलटा करून काचेला लावला. मागून ऊन आलं. गाठ उजव्या खांद्यावर आली. गोंदण उजव्या गालावर. डावा गाल कोरा.

तिने कोऱ्या गालावर बोट टेकवलं. "ही तर बापाची बाजू."

"हारे, उजवा घे," ती म्हणाली. मग मेरेआनापुढे हात केले. "आण तिला इकडे."

हुइयाची लाळ गळत होती. आत्याने तिच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. गाल कोरडा झाला तरी अंगठा तिथेच होता.