हाकेला ओ

मेंदूतली गाठ निघाली तेवढी डॉक्टरांनी काढली. राहिली तिनं माझ्या नवऱ्याचे, रिंकचे, शब्द उलटेपालटे करून टाकले.

रुग्णांचा जीव रमावा म्हणून तो होता त्या दवाखान्यात दर मंगळवारी पुक नावाची कुत्री आणतात. पहिल्याच दिवशी रिंकनं तिला हाक मारली, "किटली!"

"किटली नाही रे, पुक. म्हण बघू, पुक."

तोवर ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी झाली होती. पुढच्या खेपेला ती 'छत्री' म्हटल्यावर आली. नंतर 'हेरिंग' या माशाच्या नावानंही.

"हिला काही स्वाभिमान आहे की नाही?" मी चिडले. रिंक खो खो हसला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

आज घरी तो खिडकीपाशी बसला होता. कालव्यात हंस आले होते आणि ते त्याला मला दाखवायचे होते. माझं नाव काही सापडेना. कपाळावर घाम आला. 'यित्स्के' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"सायकल!" त्यानं खणखणीत हाक मारली.

"आले रे!" म्हणत मी धावले. हलवायला शेपूट तेवढं नव्हतं.