मधली खुर्ची

समुपदेशक मॅडमच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या: एक दटावणाऱ्या पालकाची, एक भ्यालेल्या मुलाची आणि मधली समजूतदार मोठ्या माणसाची. ज्या खुर्चीत बसायचं, त्या माणसासारखं बोलायचं. लेक आपल्याला घाबरते म्हणून मृणाल इथे यायची. पण मधल्या खुर्चीत बसूनही ती बोलायची लहानपणी तिच्यावर ओरडणाऱ्या वडिलांसारखंच.

“आधी श्वास घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आत कोण ओरडतंय, ते नुसतं बघा.”

त्या संध्याकाळी लेकीच्या हातून दूध सांडलं. तिनं लगेच दोन्ही कान झाकले.

‘डोळे फुटले का?’ मृणालच्या ओठांवर आलं. तिनं श्वास घेतला. आत बाबा ओरडत होते. तिनं त्यांना ओरडू दिलं.

मग म्हणाली, “फडकं आण गं, दोघी पुसू.”

लेक एका हातानं पुसू लागली. दुसरा कानावरच होता. दोन मिनिटांनी तोही फडक्यावर आला.