सरांनी सरळ केलेले खांब

"उठा काकू, दोन मिनिटं." सर माझ्या हातातला ब्रश घेऊन माझ्याच स्टुलावर बसले.

समोर छापील चित्र टांगलेलं: दरी, नदी, काठावर जुन्या रोमन देवळाचे खांब. चार महिने मी त्याची तैलरंगात नक्कल करत होते. माझे खांब जरा कलले होते, आणि उद्या क्लासचं प्रदर्शन होतं.

सरांनी खांब सरळ केले. मग नदी. मग आभाळसुद्धा!

"आता कुठे चित्र वाटतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"घ्या, सही करा," सर म्हणाले.

कुणाची?

माझे कान तापले. चिंधीवर टर्पेंटाइन ओतून मी पुसतच सुटले. त्यांचा रंग ओला होता. माझा खालचा, तीन आठवडे वाळलेला, जागचा हलला नाही. आभाळ निघालं, नदी निघाली, माझे कललेले खांब वर आले.

"अहो, क्लासची अब्रू जाईल! हे लावू कसं मी?"

चिंधी त्यांच्या हातात कोंबून मी सही केली, आडनावासकट.

"भिंतीवर लावा, सर. नाहीतर हातोडी द्या, मी लावते."